मानेसरहून ऐकायला शिकून आलो

३० जून २०१३, रविवार
दिल्लीबाहेर, मानेसरला चाललेलं वर्कशॉप आज संपलं. आजूबाजूला गाड्यांचे कारखाने, कंपन्यांच्या बसेस, आणि मधल्या एका ट्रेनिंग सेंटरच्या एसी हॉलमध्ये आम्ही शिक्षक मंडळी ऐकायला शिकत होतो. उद्या दिल्लीत शाळा उघडते. उद्यापासून मी नुसता गणिताचा आगाशे सर नाही, टीचर कोच आहे. म्हणजे दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं, तास बघायचा, आणि नंतर त्याच्याशी बोलायचं. बोलायचं म्हणजे खरं तर ऐकायचं. वर्कशॉप घेणाऱ्या बाईंचं म्हणणं, कोचचं मुख्य काम तेच. मी उभं राहून त्यांना सांगितलं, की मला हे उपजतच येतं. उदाहरणं दिली. लंच थोडा लांबला.
संकल्प : यापुढे समोरच्याचं संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. शाळेत, घरी, कुठेही.
घरी आलो तेव्हा अलका काहीतरी सांगत होती. आधी तिला वर्कशॉप पूर्ण समजावून सांगितलं, म्हणजे माझा नवा रोल तिच्या लक्षात येईल. तिचं राहिलं.

२ जुलै
घरी प्रॅक्टिस. मानेसरच्या हँडआउटमधला नियम पहिला : समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगावं. अलका म्हणाली, गॅस संपलाय. मी म्हणालो, म्हणजे तुला असं वाटतंय, की गॅस संपलाय. ती म्हणाली, वाटत नाही, संपलाय. मी म्हणालो, तुझ्या आवाजात मला चिडचिड ऐकू येतेय.
जेवण आयएनए मार्केटमधून आणलं. टेक्निक मात्र चालतं. भावना लगेच बाहेर येतात.

५ जुलै
पहिली केस मिळाली. पद्मजा. सहावीची सायन्स टीचर, अमरावतीची, वयाने लहान, मुनिरकात खोली घेऊन राहते. पहिलंच वर्ष, प्रोबेशनवर. आमच्या प्रिन्सिपल विजयालक्ष्मी मॅडम म्हणाल्या, सहावीला सायन्सचं माणूस टिकतच नाही, ही टिकली पाहिजे. घरचे तिला परत बोलावतायत म्हणे. उसको रोक के रखिए आगाशे जी, बस.
म्हटलं, बिल्कुल. माझ्यावर सोडा.

८ जुलै
पद्मजाबरोबर पहिलं सेशन. तास कसा वाटला, असं तिलाच विचारलं. ती म्हणाली, सर, जरा गोंधळ झाला, मला कळत नाही की... एवढ्यावरून मला तिची अडचण पूर्ण कळली. मग माझं पहिलं वर्ष, तेव्हाचे हेडमास्तर, फळ्याचे तीन भाग कसे करावेत, हे सगळं सांगितलं. मधली सुट्टी संपली, पुढचा तासही गेला. एकदाही मध्ये बोलली नाही. शेवटी काहीतरी म्हणणार होती, पण घंटा झाली.
ऐकण्याची सवय तिला आत्ताच लागत चाललीय. रिझल्ट इतक्या लवकर दिसेल असं वाटलं नव्हतं.

१८ जुलै
मॅडमनी बोलावलं. टीचर्स म्हणतात, आगाशे सर बहुत बोलते हैं. मी त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मग ते का चुकीचं आहे, हे मुद्देसूद सांगितलं. सहावा मुद्दा चालू असताना त्या उठून राउंडला गेल्या.
घरी अलकाला विचारलं, मी खूप बोलतो का. ती काही म्हणाली नाही. म्हणजे नाहीच.
तरी हँडआउट पुन्हा काढलं. त्यात स्पष्ट आहे, की कोचने सल्ला देऊ नये, कोचचं मौन ही शिक्षकाला मिळालेली भेट असते. ठीक. आता अशी भेट देतो, की बघत राहतील.

२२ जुलै
उपाय सापडला. लवंग. सेशन सुरू होण्याआधी दाढेखाली लवंग धरायची. ती आहे तोवर तोंड बंद.
पद्मजा आज पुष्कळ बोलली. मुलं माझ्या हिंदीला हसतात सर, बाजूच्या वर्गातल्या मॅडम आवाज कमी करा म्हणून सांगून जातात, मी चुकतेय का तेच कळत नाही. लवंग तिखट होती, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं मला भरून आलंय. तिलाही जरा बरं वाटलेलं दिसलं. चांगला परिणाम आहे, पुढेही हीच लवंग वापरीन.

३० जुलै
आज पद्मजाचा तास. विषय : मिश्रणातले पदार्थ वेगळे करणे. तिने मुनिरकाच्या बाजारातून कुरमुरे, राजमा, वाळू, मीठ, खिळे, एक मोठं लोहचुंबक आणि कुठून कोण जाणे पण एक सूप आणलं होतं. सगळं एकत्र करून गटागटाला वाटलं, आणि म्हणाली, चलो, अलग करो, कैसे भी करो. दिल्लीच्या पोरांनी सूप जन्मात पाहिलं नव्हतं. तिने पाखडून दाखवलं, ऐसा झटकने का, म्हणाली. पोरं हसली, ती त्यांच्यापेक्षा जास्त हसली. अर्धे कुरमुरे पोटात गेले, उरलेले जमिनीवर. मग गुरलीन नावाच्या मुलीने विचारलं, मॅम, नमक पानी में घुल गया तो गया क्या, कि अभी भी है? पद्मजाने उत्तर दिलं नाही. सगळ्या वर्गाला विचारलं. भांडणं लागली. एक गट म्हणे आहे, एक म्हणे गेलं. एकाने पाणी पिऊन पाहिलं. घंटा झाली तरी कोणी उठेना. मीही उठलो नाही.
इतक्या वर्षांच्या नोकरीत असा तास मी पाहिला नव्हता. मला स्वतःला असं कधीच शिकवता आलं नाही. फार आनंद झाला. हे इथे लिहून ठेवतो, कारण तिला सांगता येत नाही. हँडआउटमध्ये जाड अक्षरांत आहे, की शाबासकी देऊ नये. शाबासकी म्हणजे निवाडा. शिक्षक मग कोचच्या शब्दावर अवलंबून राहतो. अगदी ओठांवर आलं होतं. लवंग चावून टाकली.
नंतर तिने विचारलं, सर, कसा झाला? मी विचारलं, तुझ्या काय लक्षात आलं? ती म्हणाली, खूप गोंधळ झाला ना? आपण ऐकतोय हे समोरच्याला कळावं म्हणून मी सावकाश मान हलवली, दोनतीनदा. ती खाली वाकून कुरमुरे गोळा करायला लागली.
विचारात पडली. म्हणजे प्रोसेस सुरू झाली.

११ ऑगस्ट, रविवार
पद्मजा आमच्याकडे लक्ष्मीबाई नगरला जेवायला आली होती. क्वार्टर अलकाच्या मिनिस्ट्रीतून मिळालेलं, तिच्याच नावावर, त्यामुळे पाहुणे आले की भाजी आणणं माझ्याकडे. कोथिंबीर घेऊन परत येतो तर दोघी स्वयंपाकघरात. पद्मजा ओट्याला टेकून बोलतेय, अलका थालीपीठं थापतेय. मध्येच कुकरवर डाफरतेय, मध्येच विचारतेय, मग गं? तांत्रिकदृष्ट्या हे पूर्ण चूक आहे. नजरेला नजर नाही, समोरचीचं म्हणणं परत सांगणं नाही, बोलतानाच दुसरं काम. तरी पोरगी बोलायची थांबेना. हसतही होती. माझ्यासमोर ती हसल्याचं आठवत नाही.
ती गेल्यावर अलका म्हणाली, अहो, ती विचारत होती, सरांना माझं शिकवणं आवडत नाही का. अमरावतीच्या एका शाळेत जागा आहे, सप्टेंबरात कळवायचंय. तिला जायचं नाहीये. पण म्हणते, मला जमतच नसेल तर इथे मुलांचं वर्ष कशाला फुकट घालवू? अहो, तुम्हीच तर मला सांगत होतात, की काय सुंदर शिकवते. एक वाक्य तिला सांगा ना.
मी समजावलं, की सेशनच्या बाहेर कळलेली गोष्ट कोचला वापरता येत नाही. शिवाय शाबासकीबद्दल मेथड स्पष्ट आहे.
अलका म्हणाली, चुलीत घाला ती मेथड.
अलकाचं ट्रेनिंग झालेलं नाही.

२६ ऑगस्ट
मॅडमनी कॉरिडॉरमध्ये गाठलं. पद्मजा रुकेगी ना? म्हटलं, शी इज इन प्रोसेस. त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं.
जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. सहावीच्या वर्गावरून जाताना आतून आवाज आला की पाय थांबतात. परवा उगाचच दोनदा पाणी प्यायला त्या बाजूला गेलो. पण तिने थांबायचं ते स्वतःचं उत्तर स्वतः शोधून. नाहीतर ते टिकत नाही.

४ सप्टेंबर
आजचं सेशन आजपर्यंतचं सर्वोत्तम. लवंग लागलीसुद्धा नाही.
पद्मजा लॅबमध्ये आली. बसलीच नाही. म्हणाली, सर, आज स्पष्ट विचारते. शुक्रवारपर्यंत मला अमरावतीला हो किंवा नाही कळवायचंय. मी बरं शिकवते का? तुम्ही इतक्या तासांना मागे बसलात, तुम्हालाच माहीत. तुम्ही हो म्हणालात तर मी इथेच थांबते.
जुना आगाशे असता तर भडाभडा बोलून मोकळा झाला असता. मी मनात दहापर्यंत मोजलं. मग म्हणालो, तुला स्वतःला काय वाटतं?
ती म्हणाली, मला वाटतं, नाही शिकवत.
मी म्हणालो, म्हणजे तुला असं वाटतंय, की तू बरं शिकवत नाहीस.
ती म्हणाली, थँक यू सर, आता क्लिअर झालं.
एकही सल्ला नाही, एकही निवाडा नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर तिनेच शोधलं. मानेसरच्या बाई असायला हव्या होत्या. घरी येताना जिलेबी घेतली.
अलकाला सगळं शब्दशः सांगितलं. तिने जिलेबी खाल्ली नाही.

६ सप्टेंबर
पद्मजाने राजीनामा दिला.
मॅडमना म्हणालो, की एका अर्थी ही कोचिंगची सक्सेसच आहे, निर्णय पूर्णपणे तिचा स्वतःचा आहे. मॅडम काही बोलल्या नाहीत. बराच वेळ. मौनाचं टेक्निक त्यांना न शिकता जमतं.
रात्री झोप नीट लागली नाही. बहुतेक उकाड्याने.

२० सप्टेंबर
स्टाफरूममध्ये पद्मजाचा फेअरवेल. मी कालच ठरवलं होतं. आजपासून ती माझी केस नाही, म्हणजे शाबासकीचा नियम लागू नाही. तीस जुलैचा तास सगळ्या स्टाफसमोर सांगायचा. सूप, कुरमुरे, गुरलीनचा प्रश्न, सगळं. आणि शेवटी म्हणायचं, की असा तास मी पाहिला नव्हता. घरी आरशासमोर म्हणून पाहिलं. म्हणताना आवाज थोडा कापला.
पण नुसती स्तुती केली की भाषण उथळ होतं. थोडी पार्श्वभूमी हवी. म्हणून सुरुवात ऐकण्याच्या महत्त्वापासून केली. मग मानेसर. मग टीचर आणि कोच यांच्या नात्याचे टप्पे. समोसे फिरत होते. आता तो तास सांगणार, तेवढ्यात गेटवरून निरोप आला, की निजामुद्दीन स्टेशनला जायची ऑटो उभी आहे. गाडी संध्याकाळची. पद्मजा उठली, माझ्या पायाला हात लावायला वाकली. मी बोलता बोलता हाताने थांब अशी खूण केली. मुद्दा आत्ताच येत होता. ती तशीच जरा वेळ थांबली. मग दोन्ही हात जोडले आणि गेली.
भाषण मी पूर्ण केलं. तास सांगितला. समोर समोसे खाणारे होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

२३ सप्टेंबर
नवीन टीचर मिळेपर्यंत सहावीचं सायन्स माझ्याकडे. मुलांनी विचारलं, मॅम कब आएँगी? म्हटलं, तुम्हें क्या लगता है? गुरलीन म्हणाली, सर, हमें नहीं लगता, हम पूछ रहे हैं.
सांगितलं, नहीं आएँगी.
मग तीच म्हणाली, आपको मॅम का पढ़ाना पसंद नहीं था न? आप पीछे बैठते थे, कुछ बोलते ही नहीं थे. मॅम आपकी तरफ देखती रहती थीं.
मी म्हणालो, बहुत पसंद था. माझं हिंदी बरं आहे, पण हे वाक्य नीट आलं नाही. गुरलीन म्हणाली, तो उनको बोला क्यों नहीं?
हँडआउटमधलं कारण सांगायला तोंड उघडलं. अकरा वर्षांच्या मुलीला सांगता येईल असं ते नव्हतं. फळ्याचे तीन भाग केले आणि शिकवायला लागलो. कोणीही गोंधळ केला नाही. वर्ग एकदम शांत.

२९ सप्टेंबर, रविवार
पद्मजाला पत्र लिहायला बसलो. ऑफिसात गावचा पत्ता आहे. पहिली दोन पानं ऐकण्याच्या महत्त्वावर झाली. अलकाने वाचलं आणि टरकावून टाकलं. माझंच पत्र.
वाईट वाटतंय. सरळ लिहितो, फार वाईट वाटतंय. मुलगी माझ्या एका शब्दासाठी थांबली होती आणि तो शब्द माझ्याकडे होता.
ठरलं. पत्र नको, फोन. प्रस्तावना नाही, मानेसर नाही. फोन उचलला की पहिलं वाक्य तेच.

१ ऑक्टोबर
शाळेतून आल्या आल्या फोन लावला. वाक्य तोंडात तयार होतं. तिकडून एक बाई बोलायला लागली. हा नंबर आता सेवेत नाही. दिल्लीचं सिम गावी जाऊन बंद केलं असणार, सगळेच करतात. बाईने तेच पुन्हा इंग्रजीत सांगितलं, मग परत हिंदीत.
मी शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एकदाही बोललो नाही.