मळ्यातलं बोलावणं

आत्या,

तू वारल्यावर तुझ्या आवाजातली जाहिरात बंद करणार होते. पण आपल्या गावच्या रेडिओचे पगार त्या बिल्डरच्या जाहिरातीवरच निघतात, आणि त्याला माझा आवाज शहरी वाटतो. म्हणून तुझ्या विकलेल्या मळ्यावर उभ्या राहिलेल्या इमारतींसाठी तू अजून रोज बोलावतेस, "मी सरुबाई. मळा आमचा लई गुणाचा हाय. या राह्यला!" तेव्हा स्टुडिओत कुणी कुणाकडे बघत नाही.

आज तिथली नवी रहिवासी, आयटीतली एक मुलगी, पेढे घेऊन स्टुडिओत आली.

"सरुबाई कुठे भेटतील? त्यांचं ऐकूनच फ्लॅट घेतला."

माझ्या तोंडून निघून गेलं, "रानात गेल्यात."

"कुठलं रान?" तिनं विचारलं.

तेवढ्यात तुझी जाहिरात लागली.

तुझी भाची,
संस्कृती