उजव्या गालाची डबी

वन्सं, तुमच्या त्या डबीला आग लागो! लागली असती तरी बरं झालं असतं, निदान उजेड तरी पडला असता. माझ्या तोंडावर पडेल असं तुम्ही म्हणाला होतात तो उजेड शेवटी कुठे पडला, तेच सांगायला बसले आहे. (पत्राची सुरुवात नमस्काराने करायची असते हे मला ठाऊक आहे. शाळा चौथीतच सुटली, पण एवढं तिथे शिकवलं होतं. तर तो इथे घ्या : वन्संना पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला? दोन्ही बरे आहेत असं धरून चालते, कारण मला पुढचं लिहायची घाई आहे.) फोनच करणार होते. पण फोनवर माझं अर्धं बोलणं झालं की तुम्ही "अगं, गिऱ्हाईक आलं" म्हणता आणि मी इकडे तोंड उघडं ठेवून उभी. पत्राला गिऱ्हाईक येत नाही. शेवटपर्यंत वाचावं लागेल.

आमच्या लाँड्रीतली काउंटरवरची बाई लेकीकडे कायमची राहायला गेली आणि तिची खुर्ची रिकामी झाली, हे तुम्हाला सांगितलंच होतं. आता ती खुर्ची म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही सुगंधी दुकानात काचेच्या कपाटामागे उभ्या राहता, वरून गार हवा सुटलेली असते. आमच्या आतल्या खोलीला खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडते. म्हणजे बघायचं झालं तर भिंत बघा. वाफेच्या इस्त्र्या दिवसभर नागिणीसारख्या फुसफुसतात, आम्ही उभ्या, आणि संध्याकाळपर्यंत तोंडाचा उकडलेला बटाटा होतो. काउंटरच्या खुर्चीला मात्र गादी आहे, पाठ टेकायला जागा आहे, डोक्यावर पंखा आहे आणि समोर रस्ता आहे. इतकी वर्षं उभं राहून माझ्या कंबरेचा असा काही भुगा झालाय की देव समोर आला आणि काय हवं विचारलं तर मी म्हणेन, ती खुर्ची द्या आणि तुम्ही जा.

पण मालक म्हणाले, काउंटरवर टवटवीत चेहरा हवा, माणूस दारातून आत आला की त्याला प्रसन्न वाटलं पाहिजे. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, घडीवालीकडे पाहिलं. (घडीवाली म्हणजे इस्त्री झालेल्या कपड्यांच्या घड्या घालते ती. तिच्या गालाला खळी आहे, हाताला वळण नाही. तिने घडी घातलेला शर्ट हातात घेतला की आत कोणीतरी झोपलंय असं वाटतं.) मग मी तुमच्यापुढे रडले आणि तुम्ही ती डबी पाठवलीत.

डबी बघून मी हरखले, खोटं कशाला सांगू. काच एवढी जाड की पायावर पडली तर बोट मोडेल, आणि आत मलम किती, तर चिमणीच्या पोटाला पुरेल एवढं. त्या किमतीत आमच्याकडे चांगल्या चपलांचे दोन जोड येतात आणि वर एक छत्री. तुम्ही फोनवर सगळी रीत सांगितलीत. वाटाण्याएवढं घ्यायचं, खालून वर न्यायचं, चोळायचं नाही, नुसतं थोपटायचं, आणि मग थांबायचं, कातडीला ते पिऊ द्यायचं. (माझ्या कातडीने आजवर वाफ सोडून काही प्यायलेलं नाही.) आणि तुम्ही हेही म्हणालात की कसलीही भेग असो, ती आतून भरून येते. फोन मोठ्या आवाजावर होता आणि तुमचा भाऊ शेजारी जेवत बसला होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. नवी पावडर आली की ती सबंध कपड्याला लावत नाहीत. अर्ध्याला नवी लावायची, अर्ध्याला रोजची, आणि शेजारी शेजारी धरून बघायचं. मी म्हटलं, चेहरा तरी काय, कापडच. तेव्हा उजव्या गालाला तुमची डबी आणि डाव्या गालाला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातला तो बादलीएवढा प्लास्टिकचा डबा, जो लहान मुलांच्या ढुंगणापासून म्हाताऱ्यांच्या कोपरांपर्यंत सगळ्यांना चालतो. नाकाचा प्रश्न आला. नाक कोणाच्या हद्दीत? शेवटी नाकाला काहीच लावलं नाही. ते दोघांच्या मधल्या बांधासारखं कोरडंठाक राहिलं.

थोड्याच दिवसांत चर्चा सुरू झाली. आतल्या खोलीत मी पंख्याखाली उभी राहायची आणि सगळ्या जणी शर्टाचा डाग बघावा तशा माझ्या तोंडाला डोळे लावायच्या. डाग काढणाऱ्या बाईंचा आमच्यात मान मोठा, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. त्यांनी मला उजेडात नेलं, हनुवटी धरून इकडे तिकडे फिरवली आणि निकाल दिला : उजवा गाल दहा वर्षांनी तरुण आहे, डावा रुसून बसलाय. मग काय विचारता! ज्या जणींना काल काही दिसत नव्हतं त्यांनाही दिसायला लागलं. एकीला उजव्या गालावर लाली दिसली, एकीला मखमल दिसली, एकीने बोट लावून बघितलं आणि ते बोट स्वतःच्या गालाला पुसलं. घडीवालीचा चेहरा तेवढा पडला. मला असा आनंद झाला म्हणून सांगू! मी त्या दिवशी शर्टाच्या बाहीवर दोन दोन घड्या उमटवल्या आणि गाणं म्हणत होते.

घरी तुमच्या भावाला विचारलं, नीट बघून सांगा, कुठला गाल चांगला? जेवणाचं ताट बाजूला ठेवून, डोळे बारीक करून, फरशीची पातळी बघतात तसा मान तिरकी करून त्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "उजवा. प्रश्नच नाही." वन्सं, हे वाक्यही लक्षात ठेवा.

आणि डबी तर काय, जादूची! डाव्या गालाचा डबा भराभर उतरत चालला, आणि तुमची डबी संपेचना. रोज सकाळी उघडावी तर काठोकाठ, वरून आरशासारखी सपाट, जणू कालचं बोट तिला लागलंच नाही. मी लाँड्रीत सगळ्यांना सांगत सुटले की महाग वस्तू महाग का असते ते आता कळलं, महाग वस्तू संपत नाही. स्वस्ताला बरकत नसते. दोघी तिघी तर पैसे जमवायला लागल्या. (तुमचं गिऱ्हाईक मी वाढवत होते, याची नोंद घ्या.) मी चालताना उजवी बाजू रस्त्याकडे ठेवायला लागले. मालक खोलीत आले की डावा गाल भिंतीला. एकदा तर मालकांनी विचारलं, मान धरली आहे का?

पण युक्ती लागू पडली. मालक म्हणाले, उद्या एक दिवस तुम्ही बसा काउंटरवर, बघू कसं जमतंय. मी घरी चालत आलेच नाही, उडत आले. दार ढकललं, आनंदाने ओरडणार, तो समोर तुमचा भाऊ. खिडकीशी बसलेला, पाय स्टुलावर, तळवे माझ्याकडे.

मला आधी वाटलं, हे पाय दुसऱ्या कोणाचे आहेत. तुम्ही तुमच्या भावाच्या टाचा लहानपणापासून बघितल्या आहेत. सिमेंटात उभं राहून राहून त्यांचा खडबडीत दगड झालेला. एकेका भेगेत नाणं उभं राहील. चादरी त्या टाचांनी फाटल्यात, पायपुसणी त्या टाचांनी उसवलीत. आणि आता? गुलाबी! गुळगुळीत! तान्ह्या मुलाच्या गालासारख्या दोन टाचा स्टुलावर ठेवून हा माणूस शीळ घालतोय. मी एक टाच हातात धरली, उजेडाकडे फिरवली आणि सगळं एका क्षणात लख्ख झालं. हाच तो उजेड. तुमचा. मलमाचा.

कबुली द्यायला त्याला वेळ लागला नाही. म्हणे, ताईच म्हणाली की कसलीही भेग असो, आतून भरून येते. फरशी बसवणाऱ्या माणसाला भेग भरणारी वस्तू घरात आहे म्हटल्यावर राहवतं का? तो डबी घेऊन बसला आणि दोन फरशांमधला सांधा भरतात तशी छोट्या थापीने एकेक भेग भरत गेला. वरचं जास्तीचं पट्टीने काढून पुन्हा डबीत टाकलं (हो, वन्सं, पुन्हा डबीत). वरून प्लास्टिकची पिशवी, त्यावर मोजे. मी पहिलं बोट बुडवायच्या आत डबी रिकामी. मग घाबरला. आणि माझ्या डाव्या गालाच्या डब्यातलं मलम काढून तुमच्या डबीत भरायला लागला, रोज, मी उठायच्या आत, आणि वरून थापी फिरवून सपाट करायचा. काम चोख, त्यात वाद नाही. म्हणजे इतके दिवस माझ्या दोन्ही गालांना एकच मलम लागत होतं! आणि ते ठाऊक असताना, ताट बाजूला सारून, मान तिरकी करून, "उजवा, प्रश्नच नाही." मी विचारलं, का खोटं बोललात? तर म्हणतो, खोटं कुठे, मला खरंच उजवा बरा वाटला.

रागाने मला बोलताही येईना, आणि मला बोलता येत नाही म्हणजे काय ते तुम्ही जाणता. सकाळी तोंड साध्या साबणाने धुतलं, डबी उघडली नाही, डबाही उघडला नाही, याच्याशी एक शब्द न बोलता निघाले आणि जाऊन त्या खुर्चीत बसले. गादी मऊ होती, पंखा फिरत होता, पण आनंद कसला. खुर्ची जाणार हे मी गृहीत धरलं होतं. ज्या गालाच्या जोरावर ती मिळणार होती तो गाल मुळात झालाच नव्हता. भुवया एकमेकींना टेकलेल्या, जबडा आवळलेला. आत आलेली दोन माणसं दारातच थबकली आणि कपडे काउंटरच्या टोकावर ठेवून हळूच मागे सरकली.

तेवढ्यात पिवळी कॉलर आली. हे आमचं जुनं गिऱ्हाईक, आम्ही त्यांना याच नावाने ओळखतो. पांढरा शर्ट न्यायचा, घालायचा, दुसऱ्या दिवशी परत आणून म्हणायचं की कॉलरवरचा पिवळा डाग तुमच्या इस्त्रीने पडला, पुन्हा धुऊन द्या, फुकट. आधीची बाई गोड हसायची आणि घ्यायची. त्या दिवशीही त्यांनी शर्ट आपटला आणि सुरुवात केली. मी काहीच केलं नाही, वन्सं. नुसतं वर बघितलं. दोन्ही गालांनी. ते बोलता बोलता थांबले. मग मी म्हटलं, "काका, शर्ट आम्ही धुतो. मान तुमची तुम्ही धुवायची." रांगेतली माणसं खो खो हसली, काकांनी मुकाट पैसे काढले, आणि आतून मालक बाहेर आले. इतकी वर्षं हा माणूस मला लुटत होता, म्हणाले. खुर्ची तुमची. टवटवीत चेहऱ्याचं काय, मी विचारलं. तर म्हणाले, टवटवीत नको, हाच हवा, उद्या येताना हाच घेऊन या.

आता तुम्ही विचारलं होतंत की पैसे वसूल झाले का, दुकानात बायकांना सांगायला बरं पडेल. तर सांगा की माझ्या गालांचं मला ठाऊक नाही, त्यांची आणि मलमाची गाठच पडली नाही. पण डबी आली म्हणून टाचा भरल्या, टाचा भरल्या म्हणून मी तापले आणि मी तापले म्हणून खुर्ची मिळाली. गुण आला, पण लांबच्या रस्त्याने आला. एवढ्या फेऱ्यासाठी कोणी इतके पैसे मोजू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, आणि असली डबी पुन्हा माझ्या घरात दिसता कामा नये.

तुमची,
भावाची बायको (सध्या त्याच्याशी अबोला)

ता. क. एक डबी पाठवा. तीच, तशीच, जाड काचेची. तुमच्या दुकानात काम करणाऱ्यांना कमी भावात मिळते ना, तशी. मोठी असेल तर मोठी. गालासाठी नको आहे. काल हे माझ्याबरोबर बाजारात आले आणि मध्ये कुठेही न थांबता चालले. न लंगडता. पिशवी पण यांनीच धरली. किती वर्षांनी ते मला आता आठवतही नाही. पण थंडी येते आहे, आणि डाव्या टाचेला एक बारीक भेग पुन्हा दिसायला लागली आहे. मी बघितली, यांनी नाही.

आणखी ता. क. डबी लाँड्रीच्या पत्त्यावर पाठवा, घरी नको. यांना वाटतंय मी अजून रागावले आहे, आणि तसंच वाटू द्या. मी रागावलेली नाही हे कळलं की हे दारात हसत उभे राहणार, मग मलाही हसू येणार, आणि ते तोंड घेऊन मी काउंटरवर कशी बसू? मालक म्हणालेत, महिना असाच गेला की खुर्ची पक्की, आणि तो अजून जायचा आहे. तोवर मोजे घालून झोपा एवढंच बोलले आहे, कारण सांगितलेलं नाही. शनिवारच्या आत उत्तर हवं. नुसतं हो की नाही, आणि गिऱ्हाईक आलं ही सबब चालणार नाही.