देवघरातली क्लॅरनेट

प्रिय आई,

तुम्ही होतात तोवर तुम्हांला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. एकाच घरात राहून सून सासूला काय लिहिणार? त्यात मी चौथी पास. पण काल जळगावला जे कळलं ते पोटात ठेवून भाकरी थापता येईना. म्हणून बसले.

लग्न होऊन धुळ्यात आले तेव्हापासून तुमच्या लढाईच्या गोष्टी ऐकत होते. मिशनच्या शाळेत क्लॅरनेट वाजवायला शिकलात, मग देवळालीच्या छावणीत बायकांचा बॅंड. चौदा बायका, गोऱ्या सोल्जरांपुढे उभ्या राहून वाजवायच्या, ते नाचायचे. लढाई संपली, बॅंडातले पुरुष परत आले आणि तुम्हां बायकांना सांगितलं, आता घरी जा. हे सांगताना तुमची बोटं पदरावर हलायची. मला राग यायचा. भाजी निवडायची सोडून काय हे, असं वाटायचं. तोंडावर म्हणालेही आहे. तुम्ही ऐकून घ्यायचात. का ऐकून घ्यायचात हो?

मामंजींचा स्वतःचा लग्नाचा बॅंड. बॅंडवाल्याची बायको वाजवते म्हटलं तर नाव जाईल, म्हणून त्यांनी तुमची क्लॅरनेट सुटी करून लाल फडक्यात गुंडाळली आणि देवघरात ठेवली. म्हणाले, "आता ती देवाची. तिला तोंड लावलं की उष्टी होईल." मारलं नाही, शिवी दिली नाही. एवढ्या एका वाक्यात तुमचं वाजवणं संपवलं. तुम्ही तिकडे बघायचंही सोडलंत. मी सून म्हणून आले तशी देवपूजा माझ्याकडे आली.

मामंजी गेल्यावर पुण्याची ती बाई आली, टेप घेऊन. लढाईच्या काळात वाजवणाऱ्या बायकांची माहिती जमवत होती. तिला तुमचं नाव कुणी सांगितलं देव जाणे. गल्ली गोळा झाली, कारण गल्लीत कुणाचाच तुमच्यावर विश्वास नव्हता. तुमच्या पोटच्या पोराचाही नव्हता. तुम्ही आंघोळ करून इस्तरीचं पातळ नेसलात. देवाला हात जोडून क्लॅरनेट काढलीत, चाचपडत जोडलीत, तोंडाशी फुंकायची नवी पत्ती लावलीत. मोतीबिंदूने डोळ्यांना धड दिसत नव्हतं, पण बोटं बरोबर भोकांवर बसली. ते मी पाहिलं.

आणि फुंकलंत तर नुसती हवा. पुन्हा फुंकलंत. गाल लाल झाले. तिसऱ्या वेळी एक फाटका आवाज आला नि समोरची मंदा फिस्सकन हसली. तुमचा मुलगा म्हणाला, "झालं का आई तुझं?"

तुम्ही त्या बाईला म्हणालात, "दम गेला माझा. खरंच वाजवत होते का, आता मलाच शंका येते."

बाईने चहा घेतला, टेप पिशवीत घातला, एसटीने गेली. त्यानंतर तुमच्या तोंडून देवळालीचं नाव निघालं नाही. मला तर बरंच वाटलं, घरात शांतता झाली. आठ महिन्यांनी तुम्ही गेलात.

रविवारी तुमचं वर्षश्राद्ध. म्हटलं, मामंजींच्या बॅंडातल्या कुणाकडून तरी तुमच्याच क्लॅरनेटवर दोन सूर वाजवून घेऊ. म्हणून जळगावला वाद्यं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेली. त्याने भोकावरची एक किल्ली उचलून पाहिली आणि कपाळाला हात लावला. "हाई पानीमा कोनी धोई वं, बहिन?"

मी धुतली, आई. मीच. देव घासायला काढले की तिचेही तुकडे काढायची. चिंच लावून किल्ल्या चकचकीत करायची, बादलीत बुडवायची आणि गच्चीवर उन्हात वाळत टाकायची. दर पाडव्याला, दर दसऱ्याला, अठरा वर्षं. देवाची वस्तू, कळकट कशी ठेवायची? म्हाताऱ्याने दाखवलं. किल्ल्यांखालच्या गाद्या कुजल्यात, लाकूड उभं तडकलंय. म्हणाला, हिच्यात कुणीही फुंकलं तरी हवाच येणार. दुरुस्त होईल का विचारलं, तर नाही म्हणाला.

तुमचा दम गेला नव्हता, आई.

तुम्ही एकदा तरी वळून का नाही पाहिलंत मी काय करते ते? ओरडायचं होतं माझ्यावर, एक ठेवून द्यायची होती! पण कसं बघणार? बघण्यालासुद्धा बंदी घालून घेतली होतीत. आता कुणाला काय सांगू? तुम्ही स्वतःला खोटं ठरवून गेलात आणि त्या बाईच्या टेपवर तेवढाच फाटका आवाज राहिला. तो पुसता येत नाही.

रविवारी पानं मांडली की जेवण सुरू व्हायच्या आत मी उभी राहून सांगणार आहे. मंदा असेल, तुमचा मुलगा असेल, त्या दिवशीचे सगळेच असतील. सांगणार की ही बाई वाजवत होती, आणि वाद्य मी मारलं. ते म्हणतील, कमलच्या डोक्यावर परिणाम झालाय, वाढा आता. तुम्हांला त्याचा काही उपयोग नाही, कळतंय मला. तरी सांगणार.

तुमची सून,
कमल