पेपरात न येणारे प्रश्न

बाबा, जूनमध्ये पुस्तकांना कव्हरं घालायचं काम तुमचं असायचं, आणि इतिहासाच्या पुस्तकाला तुम्हाला तीन-तीन दिवस लागायचे. भांडुपच्या खोलीत आई ओट्याशी बांगडे साफ करते आहे आणि तुम्ही गिरणीतून येऊन, डोक्यातला कापूसही न झटकता, ओळीखाली बोट धरून वाचत बसला आहात. कव्हराचा कागद तसाच बाजूला. मग मान वर करून विचारायचात, "राजा हरलो, पळान गेलो. मग तेचो आचारी खंय गेलो गो?" नाहीतर, "मिरी जहाजान परदेशात गेली, पण झाडार चढान ती काढणाऱ्याक काय गावला?" आई हसायची. मलाही तेव्हा मजा वाटायची.

नववीत मी शहाणी झाले. चाचणीत मार्क कमी पडलेले, मी घोकत बसलेली, आणि तुम्ही विचारलंत, "लढाईत शिपाय मेलो तर तेच्या घरी कोण कळवी?" मी फाडकन म्हणाले, "बाबा, असले प्रश्न पेपरात येत नाहीत. उगाच डोकं खाऊ नका!" तुम्ही फक्त "बरा" म्हणालात. दहावीचं कव्हर एका संध्याकाळीच घालून झालं. त्यानंतर तुम्ही मला काही विचारलं नाहीत, आणि मीही तुम्हाला काही विचारलं नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

आता मी मुलुंडच्या एका शाळेत इतिहास शिकवते. गेल्या आठवड्यात नववीला सांगितलं, आपलं घर मुंबईत कसं आलं ते विचारून या. एका मुलीने मलाच धरलं. "बाई, तुमचे बाबा का आले?" म्हटलं, रोजगारासाठी. "ते तर पुस्तकात पण आहे ना! निघाले त्या दिवशी काय झालं?" सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मग मी सांगितलं, की तुमची आई बोटीच्या धक्क्यापर्यंत चालत आली, रडली नाही, आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत तिथून हलली नाही. मुलीने ते वहीत लिहून घेतलं. काल वह्या तपासताना मी त्याखाली बरोबरची खूण केली.

मुलांना उठता-बसता पुरावा मागणारी मी. तुम्ही आता नाही, हे पत्र कुठे टाकणार नाही, म्हणून सांगते. तुम्ही गाव सोडलंत तेव्हा तुमची आई हयात होती की नाही, एवढंसुद्धा मला माहीत नाही.