आबांच्या फॉर्मवरचा एक

शनिवार, वैशाख. माजलगाव स्टँड, संध्याकाळी बसची वाट बघताना.

आबांकडून तो फॉर्म भरून घ्यायला नको होता. महिनोन्‌महिने अंतराळात राहणाऱ्यांच्या मनावर एकटेपणाचा काय परिणाम होतो, ते तपासायचे आमच्या अंतराळ संस्थेचे प्रश्न मी मराठीत केलेत. साध्या माणसाला ते कळतात का, एवढंच बघायचं होतं. आणि गावात सध्या एकटं कोण, तर माझे वडीलच. दुष्काळामुळे सगळी आळी जनावरं घेऊन सहकारी सोसायटीच्या चारा छावणीवर राहायला गेलीय. आबांनी बैल मागच्याच साली विकले. जनावरच नाही, तर छावणीत जाऊन करणार काय?

मी विचारलं, "या आठवड्यात किती जणांशी मनमोकळं बोललात?"

आबांनी बोटं मोजायला घेतली. मग म्हणाले, "आज तू आलीस की. एक लिही."

मी लिहिला. आकडासुद्धा सुबक काढला.

"त्या वर गेलेल्यांशी कुणी बोलतं का न्हाई?"

"आठवड्याला एकदा घरच्यांचा फोन जोडून द्यायचाच. तो नियम मी भांडून करून घेतलाय, आबा." हे मी चक्क अभिमानानं सांगितलं.

"आठवड्याला? मग लई बरं हाय त्यांचं."

टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी शेवटचा फोन कधी केला होता? होळीला?

फॉर्म मांडीवर आहे. तो एक खोटा आहे. मनमोकळं बोलले ते आबा, मी नुसती लिहून घेत होते. खोडायला पेन काढलं. पण तोही खोडला, तर आबांकडे काय उरतं?