हळद लागलेली पावती

तात्या,

काल सकाळी शीळ गावाकडची एक म्हातारी तुमच्या सहीची पावती घेऊन खोपटला माझ्या दारात आली आणि तिच्या बापाची बंदूक परत मागू लागली, म्हणून हे लिहिते आहे. नाहीतर तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. रानडुकरं भात लोळवतात, त्यासाठी आता बंदुकीचा परवाना मिळतो, असं तिला कोणीतरी सांगितलं. ती कल्याणच्या कचेरीत गेली. तिथले कारकून हसले आणि ज्याने बंदूक घेतली त्याच्याच घरी जा म्हणाले. तुम्ही आता हयात नाही, तेव्हा माझं घर शोधत ती चालत आली.

मी तिला ओळखलं नाही, पावती ओळखली. घाटावर बंड झालं ते साल. वाडे जळले घाटावर, आणि खबरदारी म्हणून सरकारने हत्यारं काढून घेतली ती घाटाखालच्या आपल्या तालुक्यातली, जिथे कोणी दगडसुद्धा उचलला नव्हता. तुम्ही कल्याणला अव्वल कारकून. कचेरीच्या ओट्यावर तुमचं मेज मांडलेलं आहे आणि मी तुमचा डबा घेऊन खांबाशी उभी आहे. माणसं ठासणीच्या बंदुका फडक्यात गुंडाळून आणतात, ठेवतात, जातात. एक शेतकरी मात्र हात सोडत नाही. डोंगरातला वाघ खाली उतरतो, गुरं नेतो, असं पुन्हापुन्हा सांगतो. माझ्याएवढी त्याची मुलगी त्याचा पंचा धरून उभी. तुम्ही आवाज चढवत नाही. पावती लिहिता, शाई वाळू देता आणि म्हणता, "हा कागद जप. शांतता झाली की कागद दाखवायचा आणि बंदूक न्यायची." तो बंदूक ठेवतो.

पुढे थोड्याच दिवसांनी तुम्ही जेवताना आईला सांगितलंत की बंदुका मोडून होडीतून नेल्या आणि खाडीत टाकल्या. हुकूम पहिल्यापासून तोच होता. आईने विचारलं, मग पावत्या कशाला? तुम्ही ताक मागितलंत. मी तेच विचारलं, तर पानावर बसून सरकारी गोष्टी बोलायच्या नाहीत म्हणून मला उठवलंत. तालुक्यात दंगा न होता हत्यारं जमा झाली, म्हणून तुम्हाला बढती मिळाली. त्या पगारावर तुम्ही मला शिकवलंत, भाऊबंदांच्या नाकावर टिच्चून कॉलेजात घातलंत. हे मी माझ्या शाळेतल्या मुलींना वर्षानुवर्षं अभिमानाने सांगत आले.

बाकीचं म्हातारीने सांगितलं. दसऱ्याला बंदूक पुजायची, ती नव्हती, तर तिच्या बापाने पाटावर पावती ठेवली, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. त्याच थंडीत वाघ गोठ्यात शिरला. बाप काठी घेऊन त्याच्यावर गेला. रानात त्याचं जे मिळालं ते तिच्या आईने टोपलीतून घरी आणलं. पावतीची पूजा मात्र त्यांनी कधी चुकवली नाही. शांतता अजून व्हायची असेल, असं धरून चालले.

"बंडवाले मेले, सायेब बदलले," ती मला म्हणाली. "अजून शांतता नाय झाली का, बाय?"

मी तिला खाडीचं सांगितलं. सरळ, एका वाक्यात. मला दुसरी पद्धत येत नाही. तिने पावती माझ्यापुढे धरली.

"मंग कागूद कशाला दिला?"

"तुम्ही गुमान घरी जावं म्हणून."

ती हसली. तोंडात दात नव्हते. "गेलो ना आमी," म्हणाली. "तुजा बाप हुशार व्हता." मग कागद पायरीवर ठेवून उठली. दसऱ्याला आता तो नको म्हणाली.

हे पत्र पेटीतच राहील. पाठवायला जागा असती तरी पाठवलं नसतं, कारण तुम्ही त्यालाही पोच दिली असतीत. ती गेल्यावर मी पावती उजेडात धरली. माझ्या मनात सगळ्यांत आधी आला तो त्या माणसाचा विचार नव्हे. तुमचं अक्षर किती सुरेख होतं, हे आलं.

घेतलं: पावती एक, हळदीने पिवळी, सही वाचता येते. दिलं: तांब्याभर पाणी.