कडेपर्यंत पसरलेला ठिपका

द्वारका, नाशिक
१८ ऑगस्ट २०२५

ती. ललिताताईस,
लखनचा शि. सा. न. वि. वि.

ताई, रोशनीच्या रक्ताचा ठिपका तुझ्या त्या पांढऱ्या कागदावर पडला आणि मधे कुठेही न अडता कडेपर्यंत पसरत गेला, त्या घडीला माझं आयुष्य पालटलं. खुशाली मागून लिहितो, आधी हे वाच.

तुमच्या प्रयोगशाळेचं खोकं गुरुवारीच घरी पोचलं होतं. मी काल रविवारच्या सुट्टीला पेठला गेलो आणि तू शिकवलंस तसंच सगळं केलं. बोटातलं थेंबभर रक्त, बाटलीतलं औषध, हलवून थांबायचं, मग कागदावर ठिपका. मधे दाट लाल डाग बसला तर रक्तात सिकल सेल, नाही बसला तर माणूस मोकळा. पाड्यावरच्यांनी आधी माझी खेचली, की बहीण पुण्याला शास्त्रज्ञ आणि भाऊ तिचा कंपाउंडर. पण बोटं पुढे केली सगळ्यांनी. ताई, एकाचाही डाग बसला नाही!

आणि खरी गंमत पुढेच. सगळ्यांच्या आधी स्वतःचं रक्त टाक म्हणालीस म्हणून टाकलं, तर माझाही कागद साफ. म्हणजे कॉलेजच्या शिबिरात मला वाहक ठरवलं तेच खोटं की काय? तेव्हापासून मी जळतोय ते उगीचच?

रोशनीचं तुला माहीतच आहे. तिची धाकटी बहीण या दुखण्यातच गेली. म्हणून तिने मला तोंडावर सांगितलं होतं, की तू वाहक आहेस, उद्या मीही निघाले तर पोराला ते दुखणं होऊ शकतं, मग आपलं लग्न नाही. आणि बाप म्हणून हिरामणकाका तिला दवाखान्यात नेऊ देईनात, पोरीच्या नावाला बट्टा लागेल म्हणून. घरच्या घरी कागदावर होतंय म्हटल्यावर कुठे तयार झाले.

निकाल कुणाला सांगू नकोस, कागद अजून तपासणीत आहे, असं तू बजावलं होतंस. पण मी काय दगड आहे का? मी तसाच धावत त्यांच्या अंगणात गेलो. काकांनी गूळ वाटला. भात कापून झाला की लग्न.

आपल्या आयला वाटतं ही सगळी कणसरी देवीची कृपा. खोकं आल्याबरोबर तिने सगळ्या बाटल्या देवीपुढे मांडल्या होत्या. झाकलेला निवेद देवी घेत नाही, म्हणून झाकणंही काढून ठेवली होती, मी येईपर्यंत. देवीनं घेतला म्हणायचा निवेद.

तू लग्नाला चांगली आठ दिवस ये. तापट भावावर माया आहे ती तशीच असू दे.

तुझा,
लखन


पुणे
२२ ऑगस्ट २०२५

चि. लखन यास,
अनेक आशीर्वाद.

तू फोन भिंतीवर फोडलास ते एका अर्थी बरं झालं. फोनवर तू तिसऱ्या वाक्याला तापतोस आणि कट करतोस. पत्र निदान पुरतं वाचशील. बसून वाच, उभ्याने नको.

स्वतःचं रक्त सगळ्यांच्या आधी टाक असं मी का सांगितलं, हे तू विचारलंच नाहीस. भर परीक्षेतून उठून, सरांशी भांडून पेठची एसटी पकडली नसतीस तर हे कॉलेजात शिकला असतास. ज्याचं उत्तर आधीपासून माहीत आहे असं एक रक्त घ्यायचं, म्हणजे औषध खरं बोलतंय की नाही ते कळतं. तुझं रक्त आम्हाला माहीत आहे. शिबिरानंतर सिव्हिलमध्ये मशीनवरही ते तपासलं होतं, मी सोबत होते. तू वाहकच आहेस. तुझा डाग मधे बसायलाच हवा होता. तो बसला नाही, याचा अर्थ तुझं रक्त सुधारलं असा होत नाही रे. औषध मेलेलं होतं.

ते औषध रक्तातला ऑक्सिजन काढून घेतं. मग सिकलचं हिमोग्लोबिन गोळा होतं आणि कागदाच्या धाग्यांत अडकून बसतं. चांगलं हिमोग्लोबिन विरघळलेलंच राहतं आणि वाहत कडेला जातं. पण बाटली उघडी राहिली की औषध हवेतलाच ऑक्सिजन खात बसतं, रक्तासाठी त्यात काही उरत नाही. अशा औषधाने साऱ्या गावाचं रक्त साफच दिसेल.

आयला एक शब्द बोलू नकोस. झाकलेला निवेद चालत नाही हे मलाही लहानपणापासून माहीत. दुसऱ्या कुणाच्या घरी खोकं गेलं असतं तर ते कपाटात पडून राहिलं असतं. तिने त्याला देवापुढची जागा दिली. बाटली उघडू नका हे मीच तिला सांगून ठेवायला हवं होतं.

तर लखन, रविवारचे सगळे कागद रद्द. रोशनी वाहक आहे असं मी म्हणत नाही. मोकळी आहे असंही नाही. आपल्याला काहीच माहीत नाही. पाड्यावर प्रत्येकाला हे जाऊन सांग, आणि रोशनीला सगळ्यात आधी. तिला सिव्हिलला घेऊन जा. तिथली तपासणी पक्की असते.

तुझा गूळ माझ्या घशात अडकलाय. जपून राहा, आणि माझ्यावर रागावलास तरी लिहीत राहा.

तुझी,
ताई


द्वारका, नाशिक
२७ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
न. वि. वि.

तुझ्या पत्राचे तुकडे केले. मग गोदामातल्या चिकटपट्टीने जोडून परत वाचलं. ट्रान्सपोर्टचे लोक हसले, की लखनला प्रेमपत्र आलं.

मी नाही सांगणार.

तू पुण्यात बसून रद्द असा शब्द लिहितेस. त्या रविवारी तू तिचं तोंड पाहिलं नाहीस. बहीण गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. मला म्हणाली, आता तुझ्याकडे बघताना मनात हिशेब चालत नाही. ताई, मला इथे पोती उचलताना, जेवताना, चौकात सिग्नलला उभं असताना तेच वाक्य ऐकू येतं. नागलीचं बी तिने आमच्या दोघांसाठी वेगळं काढून ठेवलंय. आता तिच्यापुढे जाऊन काय सांगू? की बाई, ते हसू परत दे?

पाड्यावर आजवर कोणी रक्त बघून लग्नं केली? अर्ध्या संसारांना माहीतही नसेल. आणि तूच मागे लिहिलं होतंस, की आता जनुकांतच कापून दुरुस्ती करतात, माणसं बरी होतायत. मग होईल तेव्हा बघू. तोवर तुझं शास्त्र तुझ्याकडे ठेव.

रागाने लिहिलंय. फाडू नकोस.

लखन


पुणे
१ सप्टेंबर २०२५

चि. लखन यास,
अ. आ.

फाडलं नाही. आमच्याकडे चिकटपट्टी नाही.

दुरुस्तीचा उपचार खरा आहे. परदेशात काही रोगी त्याने बरे झाल्यासारखे राहतायत. पण आपल्या पाड्यापर्यंत तो कधी पोचेल, हे इथे मलाच काय, आमच्या मोठ्या बाईंनाही सांगता येत नाही. अजून जन्मालाही न आलेल्या पोराला त्या वायद्यावर आणायचं का, एवढं तूच बघ.

दोघं वाहक असून लग्न केलेलेही आहेत. पोटातल्या बाळाची तपासणी करता येते. ती वाट मी तुझ्यासाठी बंद करत नाही, पण त्या वाटेवर पाय तिला टाकायचाय. ती तुला हो म्हणाली ते मेलेल्या औषधाच्या भरवशावर. तुला असला होकार चालेल? मला वाटत नाही. तू भांडखोर आहेस, पण लबाड कधी नव्हतास.

तुझ्या साफ कागदाने आमचं मात्र एक काम झालं. आता कागदाच्या कोपऱ्यात एक निळा ठिपका छापणार आहोत. औषध जिवंत असेल तर तो निळा रंग पुसून टाकेल. नाही पुसला, तर तो कागद कुणी वाचायचाच नाही. बाईंनी विचारलं ही युक्ती कशावरून सुचली. मी म्हटलं, माझ्या आईच्या देव्हाऱ्यावरून.

जा लखन. मग कसंही झालं तरी मला कळव, मी वाट बघतेय.

ताई


द्वारका, नाशिक
२२ सप्टेंबर २०२५

ती. ललिताताईस,
लखनचा शि. सा. न. वि. वि.

गेलो होतो. आधी पाड्यावर सांगत फिरलो, कारण रोशनीच्या घराकडे पाय वळत नव्हते. लोक म्हणाले, कंपाउंडर नापास. नवसाबाई तेवढी म्हणाली, पुन्हा बोट टोचायला आलास तर कोंबडी घेऊन ये.

हिरामणकाका खूप बोलले. आमचा गूळ खाल्लास, आमच्या पोरीला आशेला लावलंस, असं सगळं. मी एकदाही उलटून बोललो नाही, तू असतीस तर तुला खरं वाटलं नसतं. रोशनीने एकच विचारलं, हे मला कधीपासून माहीत होतं. मी खरं ते सांगितलं.  मागच्या सोमवारी बापाला न जुमानता एकटी एसटीने नाशिकला आली आणि सिव्हिलच्या फाटकात माझ्याआधी उभी होती.

ताई, तीही वाहक आहे.

परवा डॉक्टरांनी तिला सांगितलं. तिथून तिला सोडायला मी पेठपर्यंत गेलो. गाडीत खिडकी तिची आणि मधली पिशवी माझ्या मांडीवर. सावळघाटाच्या वळणांवर तिचा खांदा मला लागायचा आणि ती तो काढून घेत नव्हती. मला वाटत होतं, हा घाट संपूच नये.

तिच्या घरी गेल्यावर मी तुझं सगळं सांगितलं, पोटातल्या तपासणीचंही. तिने नीट ऐकलं. मग म्हणाली, बहिणीचे गुडघे मी निरगुडीच्या पाल्याने शेकायचे, अंगावर गोधडी टाकली तरी ती ओरडायची. तसं पोर मला आणायचं नाही, आणि पोटात आल्यावर नको म्हणायचं काळीजही माझ्याकडे नाही. मी म्हटलं, आपण मूलच होऊ देऊ नये. तर म्हणाली, तू आज म्हणशील लखन, पण पाड्यावरची सगळी पोरं तुझ्याच खांद्यावर बसून मोठी झाली, हे मी बघितलंय. मी तापलो, वाट्टेल ते बोललो. मला तुझ्याशिवाय काही नको, हेच उलटंसुलटं करून बोलत राहिलो. तिने मधे तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाली, मी तुझ्यावर रागावलेली नाही, आणि मला दुसरं कुणी आवडलेलंही नाही. पण नाही.

तुझे नवे कागद कधी येतात ते कळव. मी येऊन पाड्यावर परत तपासेन, बाटली आल्यापासून माझ्याच हातात राहील. पाड्यावर अजून पुष्कळ पोरं-पोरी आहेत, त्यांना आधी कळलेलं बरं. पुण्याला कामाचं काही असेल तर तेही बघ. इथे पेठची गाडी द्वारकेवरून गेली की पाटीच वाचत उभा राहतो.

आयला काही सांगितलं नाही. तुझी माया आहे म्हणून एवढं लिहिता आलं.

तुझा,
लखन

ता. क. – निघताना काय बोललास म्हणून तू विचारशीलच. काही नाही. ती भाकरी थापत होती, पाठ माझ्याकडे. मी उंबऱ्यात थांबलो. वाटलं, जेवून जा एवढं तरी म्हणेल. तिचे हात थांबले, पण ती वळली नाही. बाहेर वारं सुटलं होतं, थेट चुलीवर येत होतं, जाळ आडवा होत होता. मी बाहेर आलो आणि दार ओढून लावून घेतलं.